टॅम्पा थिएटर: भूत ऑपरेटरचं आहे म्हणाले, म्हणून बघायला गेलो

भूत दिसलं का? नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मिरजेहून फोनवर प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारला. थिएटर कसं आहे, हे एकानंही विचारलं नाही. आणि मला बोलायचं आहे ते थिएटरबद्दलच.

मी १९७३ साली मॅट्रिकला गणितात गचकलो आणि वडिलांनी मला एका टॉकीजच्या बूथमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, नेऊन उभं केलं. तिथून खाली उतरलो ते २०१० साली. सदतीस वर्षं. टॉकीजचं नाव सांगत नाही. आता तिथं मंगल कार्यालय आहे आणि ज्यांचं आहे ते रोज सकाळी फिरायला भेटतात. सध्या मुलाकडे फ्लोरिडात आलोय. इथं दिवसभर काय करायचं हा प्रश्न असतोच. एका रात्री सूनबाई मोबाईल बघत म्हणाल्या, "आप्पा, इथल्या जुन्या थिएटरात भूत आहे म्हणे. प्रोजेक्शनिस्टचं."

"कशाचं?"

"तुमच्यासारख्याचं हो. ऑपरेटरचं."

आतून हिचा आवाज आला, "घ्या! तिकडच्यांनासुद्धा मेल्यावर बूथ सुटंना वाटतं."

मग जावंच लागलं.

टॅम्पा गावाच्या मधोमध फ्रँकलिन स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, त्यावर हे थिएटर. आजूबाजूला काचेच्या उंच इमारती आणि मध्ये ही विटांची जुनी माऊली उभी. बाहेर उभी पाटी, एकाखाली एक अक्षरं आणि दिव्यांची माळ. अंधार पडल्यावर जा. दुपारी ती पाटी नुसती पाटी असते, संध्याकाळी मात्र लांबूनच पाय उचलायला लावते. आमच्या टॉकीजवर ट्यूबलाइटची पाटी होती आणि तिचं एक अक्षर कायम गेलेलं असायचं, त्यामुळे मला दिव्यांची सगळी अक्षरं पेटलेली बघूनच निम्मे पैसे वसूल झाले. तिकीट किती होतं ते मुलानं सांगितलं नाही. मी लगेच रुपयांत हिशेब करतो हे त्याला ठाऊक आहे. एवढंच कळलं की १५ ऑक्टोबर १९२६ ला थिएटर उघडलं तेव्हा तिकीट पंचवीस सेंट होतं.

ऑक्टोबर महिन्यात इथं भुताच्या गोष्टी सांगत थिएटर फिरवतात. हॅलोविनचा मोसम असतो ना. त्या फेरीचं तिकीट वेगळं, सिनेमाचं वेगळं. आम्ही फेरी एका संध्याकाळी केली आणि सिनेमाला दोन दिवसांनी परत गेलो. तुम्हीही तसंच करा. फेरीत भिंती कळतात, पण थिएटर कळायचं तर अंधार करून पडद्यावर काहीतरी चालू पाहिजे.

आत पाऊल टाकलं आणि मी, सदतीस वर्षं थिएटरात काढलेला माणूस, दारातच थबकलो. मागून नातू आपटला. आपण आत जात नाही, बाहेर पडतो असं वाटतं. वर रात्रीचं आकाश. गडद निळं, त्यात लुकलुकणारे तारे. दोन्ही बाजूंना जुन्या कुठल्यातरी युरोपी वाड्याच्या भिंती, कमानी, सज्जे, कोनाड्यांत पुतळे, वेली, भेसूर तोंडांचे दगडी प्राणी. म्हणजे चौकात खुर्च्या टाकून बसलोय आणि चारी बाजूंनी वाडा आहे, असा सगळा थाट. जॉन एबरसन नावाच्या आर्किटेक्टनं हे बांधलं. असली आकाशाखालची थिएटरं ही त्याची खासियत, अमेरिकेत त्यानं बरीच बांधली. तारे नव्याण्णव आहेत असं थिएटरवाले सांगतात. नातवानं मोजायला घेतले, साठाच्या पुढं त्याचा घोळ झाला. मी म्हटलं, एक कमी का ठेवला असेल? तो म्हणाला, "शंभरावा फ्यूज गेला असेल." ऑपरेटरचा नातू.

मला गंमत वाटली ती वेगळीच. जत्रेतल्या तंबू थिएटरात माझे वडील सिनेमा बघायचे, वरच्या भोकांतून खरे तारे दिसायचे आणि लोक तक्रार करायचे. इथं लाखो डॉलर घालून छताला तारे लावलेत.

आता भूत.

त्याचं नाव फॉस्टर फिनली, सगळे त्याला फिंक म्हणायचे. १९३० साली हा इथं ऑपरेटर म्हणून लागला आणि १९६५ साली गेला तोवर इथंच होता. पस्तीस वर्षं, एकच बूथ. आकडा ऐकल्याबरोबर मी मनात वजाबाकी केली. माझी दोन वर्षं जास्त. पण तो मरेपर्यंत होता आणि मला सॅटेलाइटवरून येणाऱ्या सिनेमानं खाली उतरवलं, त्यामुळे पुढं कोण मागं कोण हे काही ठरेना.

फिंकचं भूत काय काय करतं ते आमच्या गाइड बाईंनी रंगवून सांगितलं. बाई झकास बोलत होत्या, आवाज कधी खाली न्यायचा हे त्यांना कळत होतं. सूनबाई माझ्या कानाशी भाषांतर करत होत्या आणि घाबरायच्या जागी त्यांचंच भाषांतर अडत होतं. बूथमधलं बटण आपोआप बंद होतं म्हणे. दार आपोआप लागतं. अंधारात किल्ल्या वाजतात. कामात असताना खांद्यावर कुणीतरी हात ठेवतं. बाल्कनीत एकदम गार झुळूक येते. फिंकशिवाय आणखीही एकदोन आत्मे आहेत म्हणतात, त्यात एक पांढऱ्या कपड्यातली बाई आहे. पांढऱ्या कपड्यातली बाई नाही असं थिएटर जगात नसावं. आमच्याकडेही होती, ती बॉक्समध्ये बसायची.

मी ऐकत होतो आणि डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं.

गार झुळूक सोडून द्या. टॅम्पातली एसी बसवलेली पहिली सार्वजनिक इमारत हीच, असं हेच लोक अभिमानानं सांगतात. एवढ्या उंच हॉलमध्ये गार हवा खाली बसते, वरची उबदार राहते, कुठं ना कुठं झुळूक येणारच. दार लागण्याचंही तसंच. फिंक लागला तेव्हा फिल्म नायट्रेटची असायची. १९५० च्या सुमारापर्यंत तीच होती. ती फिल्म पेटली की पाण्यानं विझत नाही, स्वतःतल्याच ऑक्सिजनवर जळत राहते. म्हणून बूथ म्हणजे तिजोरीच असायची. दार आपोआप लागलं पाहिजे हा नियम, आणि उजेड पडद्यावर सोडायच्या भिंतीतल्या भोकांवर लोखंडी झडपा, आग लागली की खटाखट खाली पडणाऱ्या. माझ्या काळात साधी फिल्म आली होती, तरी आमच्या बूथला त्या झडपा आणि त्यांची साखळी शेवटपर्यंत होती. आमचे वस्ताद तिला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ती पडली तर खाली पब्लिक वाचतंय आणि वर आपण शिजतोय." तेव्हा बूथचं दार आपोआप लागत असेल तर ते भूत नाही, ती अक्कल आहे.

पण बटणाची गोष्ट मला पटेना. फेरी संपताना बाई म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का, तर मी हात वर केला. मुलाच्या तोंडावर "आप्पा, नको" असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी सूनबाईंना म्हटलं, सांगा त्यांना. हे भूत ऑपरेटरचं नाही.

सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, मीही ऑपरेटर होतो, सदतीस वर्षं. चालू खेळाचं बटण ऑपरेटर बंद करत नाही. मेला तरी करत नाही. लाइट गेली तर आमच्याकडे शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांच्या फळ्या वाजवणं, आणि मॅनेजर जिन्यातून बोंबलत वर. पडदा काळा होणं ही आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी नाचक्की. आजही मला रात्री स्वप्न पडतं ते हेच की रीळ संपलंय, पांढरा पडदा दिसतोय आणि दुसरी मशीन भरलेलीच नाही. पस्तीस वर्षं ज्यानं पडदा काळा होऊ दिला नाही तो आता वर बसून बटणं बंद करेल? किल्ल्या वाजवतंय ते मॅनेजरचं भूत असेल. बटण बंद करणारं वायरमनचं असेल. फिंकवर कशाला घालता?

सूनबाईंनी यातलं किती सांगितलं माहीत नाही, शिव्यांचा भाग नक्की गाळला. पण लोक हसले, एका म्हाताऱ्या गृहस्थानं टाळी दिली, आणि बाईंनी विचारलं, मग ऑपरेटरचं भूत असेल तर ते काय करेल?

"फोकस नीट करेल," मी म्हटलं. "दुसरं काय?"

खांद्यावरच्या हाताबद्दल मात्र मी काही बोललो नाही.

त्याचं असं आहे. नव्या पोराला वस्ताद चेंजओव्हर शिकवायचे. दोन मशीन शेजारी शेजारी. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. प्रेक्षकाला सांगितल्याशिवाय दिसत नाही आणि एकदा सांगितला की जन्मभर दिसतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका. तो आला की हिचा उजेड बंद, तिचा चालू, आणि खाली कुणाला कळता कामा नये. घड्याळात बघायला वेळ नसतो. वस्ताद मागं उभे राहायचे आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मोजायचे, "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल…" सातव्या विठ्ठलाला खांदा दाबायचे की मी खटका ओढायचा. दुसऱ्या हाताशी कार्बनचा दिवा, आत दोन कांड्या एकमेकींकडे तोंड करून जळत असतात. जळतील तशी मधली फट वाढते, पडदा मंद होत जातो, म्हणून काळ्या काचेतून सारखं बघायचं आणि कांड्या पुढं सरकवायच्या. बिडीसारखं थोटूक होतं शेवटी. तसलं एक थोटूक अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे, तांब्याचा मुलामा असलेलं. खंडेनवमीला त्याला झेंडूचं फूल मिळतं. यंदा खंडेनवमीला मी इथं आणि थोटूक तिथं, म्हणून शेजारच्या मुलाला फोन करून फूल वाहायला लावलं.

तर खांद्यावरचा हात. तो कुणाचा असतो ते मला माहीत आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बूथची भोकं बाल्कनीतून मान मागं टाकली की दिसतात. पार वर, आकाशाच्या कडेला. मी शेवटच्या रांगेपर्यंत चढलो, गुडघ्यांनी शिव्या घातल्या. पायऱ्या उंच आहेत, वयस्कर माणसांनी कठडा धरून चढावं आणि उतरताना घाई करू नये. तिथं मी जरा वेळ एकटाच बसलो. खाली नातू ताऱ्यांचा हिशेब नव्यानं लावत होता.

सिनेमाच्या रात्री ऑर्गन ऐकला, आणि खरं सांगायचं तर भूत, तारे, पुतळे सगळं एका बाजूला आणि हा ऑर्गन एका बाजूला. वुर्लिट्झर नाव. चौदाशेच्या आसपास नळ्या, त्या दिसत नाहीत, भिंतींच्या आड दडवलेल्या. दिसतो तो फक्त वाजवणारा माणूस, पुढं अर्धगोल पट्ट्यांची आरास आणि पायाखाली लाकडी पट्ट्या. दोन हात आणि दोन पाय वेगवेगळं काहीतरी करत असतात. मूकपटाच्या काळात सगळं संगीत याच्यावर. बासरी, झांजा, ढोल, शिट्टी, सगळं त्यातूनच निघतं. मी सतारमेकर गल्लीतून शाळेत गेलेला माणूस. तंबोऱ्याचा भोपळा कसा बोलतो हे लहानपणापासून कानावर. पण यातला खर्जाचा सूर कानाला कळलाच नाही, तो बुडाखालच्या खुर्चीतून वर आला. छातीत कबुतर बसल्यासारखं झालं. हिनं माझा दंड धरला. रात्री एकट्यानं हा सूर ऐकला असता तर मीही भूत म्हणालो असतो.

या ऑर्गनची गोष्ट भुतापेक्षा भारी आहे. बोलपट आले आणि तो बिनकामाचा झाला. आपल्याकडे पडद्यापुढं बसणाऱ्या पेटी-तबलेवाल्यांचं झालं तेच. मग तो एका चर्चला विकून टाकला. बऱ्याच वर्षांनी ऑर्गनवेड्या लोकांनी तो शोधून काढला, दुरुस्त केला आणि जिथला होता तिथं परत आणून बसवला. गेलेला परत आलाय तो हा. फिंकचं मला माहीत नाही.

थिएटरही असंच परतलंय. १९७३ साली ते पाडायला निघाले होते. लोक शहराबाहेर राहायला गेले, गावातली थिएटरं ओस पडली, मोक्याची जागा. पण गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, समित्या झाल्या, आणि शेवटी नगरपालिकेनं थिएटरचा करार स्वतःच्या अंगावर घेतला. १९७८ ला राष्ट्रीय वारशाच्या यादीत नाव लागलं. म्हणजे ज्या वर्षी मी बूथची शिडी चढलो त्याच वर्षी यांनी हे वाचवलं. मुलगा हे वाचून दाखवत होता आणि मी मंगल कार्यालयाचा विचार करत होतो. तिथं जिथं पडदा होता तिथं आता नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात. मागल्या वर्षी एका लग्नाला गेलो तर जेवणाची पंगत बरोबर बाल्कनीखाली. मठ्ठा छान होता.

बाकीचं पटापट सांगतो. खुर्च्या चांगल्या आहेत, २०१७ च्या दुरुस्तीत नव्या बसवल्या. जागा बाराशेहून जास्त. बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगा मिळाल्या तर सोडू नका, तारे आणि पडदा दोन्ही नजरेत राहतात. पॉपकॉर्न मिळतं, बिअरही मिळते, वडा अर्थातच मिळत नाही. एसी जोरात, स्वेटर न्या. हिनं शाल आणली होती, शेवटी ती मी घेतली. लहान मुलं भुताच्या फेरीत कंटाळतील, दहा-बाराच्या पुढची ठीक. इंग्रजी कच्चं असेल तर बरोबर सूनबाई न्या.

गुण द्यायचे तर थिएटरला पाचपैकी पाच. ऑर्गनला सहा. भुताला दोन, तेही बाईंच्या आवाजाचे.

सिनेमा होता जुना काळापांढरा भयपट, महिनाच तसला. लोकांनी मूक प्रार्थनेसारखी शांतता ठेवली होती. फोकस असा की माणसाच्या कोटाचं विणकाम मोजावं, चारी कडा सरळ, चित्र बरोबर मधोमध. इथं मात्र मी मान मागं टाकून भोकाकडे एकदा बघून घेतलं. हात कुणाचाही असो, काम चोख होतं.

आता मशीन डिजिटल, रीळ नाही, चेंजओव्हर नाही. पण जुन्या फिल्मवरून उतरवलेल्या कॉपीत कधी कधी जुने ठिपके तसेच राहून जातात. अर्धा एक तास झाला असेल. पडद्यावर एक बाई दिवा घेऊन जिना उतरत होती आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला.

एक विठ्ठल. दोन विठ्ठल. बाई खाली येतीय. पाच. सहा. दुसरा ठिपका आला आणि माझा उजवा हात आपसूक खटका ओढायला गेला तो थेट नातवाच्या मांडीवरच्या पॉपकॉर्नच्या डब्यावर. सगळ्या लाह्या पुढच्या रांगेत.

पुढच्या बाई किंचाळल्या. नेमका तोच क्षण होता, त्यामुळे हॉलमधली आणखी दहा माणसं किंचाळली.

नातू अंधारात माझ्या कानाशी आला. "आजोबा, भूत?"

"नाही रे," मी म्हटलं. "ठिपका."